तंबाखू ओढायच्या मातीच्या जुन्या पाइपची दांडी जोडली तरी त्याच जागी पुन्हा का सुटते?

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. दांडी चिकटवली, दोन-तीन महिने छान राहिली, आणि एक दिवस धूळ पुसायला पाइप उचलला तर तंबाखू भरायची वाटी हातात आणि दांडी फळीवर. मग दुसरा गोंद आणला जातो, मग तिसरा. दर खेपेला जोड थोडा जाड होतो, रेष काळपट दिसायला लागते, आणि शेवटी दोन तुकडे एकमेकांत नीट बसायचेच थांबतात.

हे सगळं पांढऱ्या मातीच्या तंबाखूच्या पाइपांबद्दल आहे. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि पुढे हॉलंडमधल्या गौडा गावात असे पाइप अमाप बनले. लंडन-ब्रिस्टलकडे राहणारे नातेवाईक तिकडच्या जुन्या बाजारातून एखादा घेऊन येतात आणि तो आपल्याकडच्या शोकेसमध्ये स्थिरावतो. आपली चिलीम आखूड, जाड आणि सरळ. पडली तर बहुधा काठ उडतो. हा पाइप म्हणजे शिसपेन्सिलीच्या जाडीची पोकळ दांडी, वीतभर ते हातभर लांब, आणि तिच्या एका टोकाला वाटीचं वजन. मोडणं त्याच्या घडणीतच आहे. पण नीट जोडलेला जोड विनाकारण सुटत नाही.

गोंदाला शिव्या देण्याआधी एक काम करा. सुटलेल्या जोडाची दोन्ही तोंडं भिंगाखाली बघा, मोबाइलची बॅटरी बाजूने तिरपी मारून. दुखणं काय आहे ते तिथे स्पष्ट दिसतं, आणि प्रत्येक दुखण्याचा उपाय निराळा आहे.

समजा एका तोंडावर गोंदाचा पातळ पापुद्रा जसाच्या तसा राहिलाय आणि समोरचं तोंड कोरडं, स्वच्छ, जणू गोंद कधी लागलाच नव्हता असं. म्हणजे त्या तोंडाला गोंदाने धरलंच नाही. तिथे धूळ होती, ओल होती, जुन्या तंबाखूचं किट होतं, किंवा आधीच्या दुरुस्तीचा गोंद मातीत मुरून बसलेला होता. याची एक सोपी परीक्षा आहे: त्या तोंडावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. भाजलेली उघडी माती तो पाहता पाहता पिऊन टाकते. थेंब मण्यासारखा बसून राहिला तर समजा, माती वरून बंद झाली आहे, आणि त्यावर कितीही भारी गोंद लावला तरी तो पापुद्र्यावर पापुद्रा ठरणार.

दोन्ही तोंडांवर गोंद दिसतोय, आणि तो ओढल्यासारखा, तारा काढून सुटलेला? मग तो ओला होता किंवा गरम होऊन मऊ पडला. उष्णतेकडे पुढे येतोच.

तिसरा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो. गोंद शाबूत आहे, पण त्याला एका बाजूने मातीची पांढरी कपची चिकटून आली आहे. म्हणजे जुना जोड तसाच आणि त्याला लागूनच नवी मोड. गोंद मातीपेक्षा ताकदवान निघाला. दोन ट्यूबांचा एपॉक्सी आणि झटपट चिकटणारा सुपरग्लू यांच्या बाबतीत हे हमखास होतं. हे पाइप साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजलेले, बिनझिलईचे, सच्छिद्र. ताण आला की कुठेतरी तुटणारच. गोंद कमजोर असेल तर जोड सुटेल आणि पुन्हा जोडता येईल, गोंद राक्षसी असेल तर माती फाटेल. म्हणून «सर्वांत मजबूत गोंद कोणता» हा प्रश्न इथे उलटा आहे. मातीपेक्षा किंचित कमजोर आणि हवा तेव्हा काढता येणारा गोंद हवा.

चौथा: तोंडावर कापसासारखी पांढरी लव, किंवा बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी. हे मीठ आहे, आणि याच्यावर जरा थांबावं लागेल, कारण महाराष्ट्रात पोचलेल्या पाइपांचा छळ बहुतेक हेच करतं.

मीठ

बाजारात मिळणारे मोडके पाइप बऱ्याचदा जमिनीतून किंवा नदीच्या गाळातून निघालेले असतात. लंडनची थेम्स तर यासाठी प्रसिद्धच आहे; भरती-ओहोटीच्या त्या पट्ट्यात दांड्यांचे तुकडे खच पडल्यासारखे मिळतात. (मनात आलं म्हणून उचलायचे नाहीत. तिथे शोधायला पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीचा परवाना लागतो, आणि जमिनीतून निघालेली जुनी वस्तू ब्रिटनबाहेर न्यायची तर निर्यात परवाना. नातेवाइकाला आधीच सांगून ठेवलेलं बरं.) गाळात शतकानुशतकं पडलेली माती विरघळलेले क्षार पिऊन बसते. वरून धुतलं तरी ते आतच राहतात.

साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून विरघळतं आणि आर्द्रता उतरली की पुन्हा स्फटिक धरतं. आता मुंबईचा किंवा रत्नागिरीचा जुलै आठवा आणि मग ऑक्टोबर. पावसाळाभर मीठ मातीच्या छिद्रांत पाणी होऊन फिरतं, ऑक्टोबरच्या उन्हात पृष्ठभागाकडे येऊन स्फटिक होतं. स्फटिक वाढायला जागा मागतो. जोडाच्या आड तो वाढला की गोंदाचा पापुद्रा मातीपासून उचलला जातो. वाटीच्या अंगावर वाढला की पापुद्रे सुटतात, आणि कधी कधी टाचेवरची, म्हणजे वाटीखालच्या छोट्या उंचवट्यावरची, कारागिराची आद्याक्षरंच त्यासोबत गळून पडतात. लंडनच्या घरात वर्षानुवर्षं गुपचूप पडलेला पाइप इथे पहिल्या दिवाळीला फुटला, तर प्रवासाला दोष देऊ नका.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. जुना गोंद काढून झाला की तुकडे डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवायचे, पाणी बदलत राहायचं. बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं. नळाचं नको, आणि बोअरवेलचं तर नकोच. किती दिवस, हे मनाने ठरवू नका. आरओचं पाणी तपासायला घरी जो पेनसारखा टीडीएस मीटर असतो तो इथे कामाला येतो. ताज्या पाण्याचा आकडा लिहून ठेवा. तुकडे बुडवल्यानंतर एक-दोन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा चढला म्हणजे मीठ बाहेर येतंय; पाणी बदला. असं करत करत एके वेळी आकडा ताज्या पाण्याच्या आसपासच रेंगाळतो. तिथे थांबा. मग सावलीत सावकाश वाळू द्या. उन्हात नाही, हेअर ड्रायर नाही, ओव्हन तर नाहीच. दांडीचं भोक सगळ्यात शेवटी वाळतं, म्हणून वर कोरडी दिसली तरी आणखी काही दिवस जाऊ द्या.

एक अपवाद. वाटीवर रंग असेल, अंग आधीच पापुद्रे धरून सुटत असेल किंवा माती पाण्यात मऊ पडत असेल, तर बुडवू नका. अशा पाइपला घरगुती हात न लागलेलाच बरा.

डाग घालवण्यासाठी ब्लीच वापरायचा सल्ला सर्रास दिला जातो. कपडे पांढरे करायचा ब्लीच सोडियमचा असतो, तो मातीत मीठच सोडून जातो. आज पांढरा झालेला पाइप पुढच्या वर्षी लव धरतो. गाळातल्या लोखंडाचे तांबूस डाग राहिले तर राहू द्या, त्यांनी काही बिघडत नाही.

जुना गोंद काढणं

लाकूड चिकटवायचा पांढरा डिंक कोमट पाण्यात फुगतो आणि सुईने निघतो. सुपरग्लूला ॲसिटोन लागतं: झाकणाच्या काचेच्या बरणीत तुकडा बुडवून ठेवा, एक-दोन दिवस लागू शकतात, खिडकी उघडी आणि शेगडी बंद. लाख असेल तर स्पिरिटमध्ये सुटते. एपॉक्सी खऱ्या अर्थाने विरघळत नाही. ॲसिटोनमध्ये फुगून रबरासारखा झाला की लाकडी काडीने टोकरावा लागतो, आणि थोडा मातीत राहतोच. सँडपेपर किंवा कानस या तोंडांवर लावायची नाही. तुटलेल्या कडेचे ते बारीक खाचखळगेच दोन तुकड्यांना एकमेकांची ओळख देतात.

दोन तुकडे एकाच पाइपचे आहेत का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. विक्रेता वाटीला दुसऱ्याच पाइपची दांडी लावून «पूर्ण पाइप» म्हणून विकतो, हे काही दुर्मीळ नाही. अशा जोडात दोन तोंडं खऱ्या अर्थाने भेटतच नाहीत. मधली फट गोंदाने भरलेली असते, आणि गोंदाची जाड भिंत आकसली की जोड सुटतो. तुम्ही कितीही चांगला जोडलात तरी सुटणार.

ओळखायचं कसं? दांडीच्या भोकावरून. पाइप बनवताना ओल्या मातीच्या वळकटीतून तार सरकवून भोक पाडत, मग ती वळकटी तारेसकट लोखंडी साच्यात दाबत. त्यामुळे एका पाइपच्या दांडीत भोक टोकापासून वाटीपर्यंत जवळजवळ सारखं असतं. बाहेरून दांडी निमुळती होत गेली तरीही. शिवाय काळानुसार तारा बारीक होत गेल्या. जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या दांड्या ड्रिलच्या पात्यांनी मोजून दाखवलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंचाचा ९/६४ असलेलं भोक अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ४/६४ पर्यंत आलं होतं, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटरवरून दीडच्या थोडं वर. एकट्या दांडीवरून साल सांगायला ही पद्धत भरवशाची नाही, ती ढिगाऱ्याच्या सरासरीवर चालते. पण आपलं काम भागतं. ड्रिलच्या पात्याची मागची गुळगुळीत बाजू (धार नव्हे) अलगद भोकात घालून बघा. वाटीकडच्या तुकड्यात दोन मिलिमीटरची जेमतेम जाते आणि दांडीच्या तुकड्यात तीनची सहज, तर ते लग्न विक्रेत्याने लावलेलं आहे. तुकडे वेगळे ठेवा.

वाटीचा आकारही बोलतो. सुरुवातीला तंबाखू महाग होती, त्यामुळे वाट्या अंगठ्याच्या पेरापेक्षाही लहान. पुढे त्या मोठ्या होत गेल्या. चिमुकल्या वाटीला बारीक भोकाची लांबलचक दांडी दिसली की मला लगेच शंका येते.

जोड

संग्रहालयांत मातीच्या वस्तूंसाठी जो गोंद वर्षानुवर्षं वापरला जातो तो पॅरालॉइड बी-७२, एक ॲक्रिलिक राळ. दाण्यांच्या रूपात मिळतो, ॲसिटोनमध्ये विरघळतो, पिवळा पडत नाही आणि पुन्हा ॲसिटोन लावलं की सुटतो. इथेही एक गोष्ट राहून जाते. कोरडी माती पातळ गोंद पिऊन टाकते आणि जोडात काही उरतच नाही. मग «याने काही धरत नाही» असा निकाल लागतो. म्हणून आधी दोन्ही तोंडांना पातळ द्रावणाचा हात द्यायचा, १०० मिलिलिटर ॲसिटोनला पाचेक ग्रॅम दाणे. ते पूर्ण वाळू द्यायचं. मग वजनाने निम्मी राळ, निम्मं ॲसिटोन असा मधासारखा दाट गोंद एकाच तोंडाला, तोही कमी. भोकाच्या कडेपासून थोडं दूर, म्हणजे दाबल्यावर आत ओघळणार नाही. तुकडे मिळवा, हलकेच दाबा, एकदा नखाने रेष चाचपून बघा: नख अडलं तर जोड सरकलाय. तेव्हाच सरळ करा, नंतर होत नाही.

मग दाबून धरून बसू नका, हात थरथरतोच. डब्यात कोरडी वाळू भरा आणि जड तुकडा तिच्यात असा रोवा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने तोलावर उभा राहील. काही मिनिटांत पकड येते, पण ॲसिटोन पूर्ण उडायला बरेच दिवस जातात. त्याआधी आडवा करून स्टँडवर ठेवला की दांडी मधोमध वाकते. «तारा काढून सुटलेला» जोड बहुतेकदा असाच घाईचा असतो.

भोकात तार घालून जोड भक्कम करावा का? लोखंडी तार कधीच नाही. गंजते, फुगते आणि दांडी उभी चिरते. बांबूची काडीही आर्द्रतेत फुगते. लांब दांडीला आधार हवाच असेल तर भोकापेक्षा बारीक फायबरग्लासची काडी, सैल बसणारी, दोन्हीकडे बोटाच्या पेराएवढी, त्याच सुटणाऱ्या गोंदाने. लहान दांडीला काही नको. भोक गाळाने बुजलेलं असेल तर पाण्यात भिजवून मऊ नायलॉनच्या दोऱ्याने सावकाश मोकळं करा. तार ढोसली की गाळ पुढे दाबला जातो आणि पातळ भिंत फुटते.

आता उष्णता. बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडायला लागतो. लंडनमध्ये हा आकडा विसरून चालतं. नागपूर, जळगाव, अकोल्यात मे महिन्यात नाही. पश्चिमेच्या भिंतीवरचं काचेचं कपाट, आत पिवळा हॅलोजन दिवा, किंवा दुपारी उन्हात उभ्या गाडीची मागची सीट. अशा ठिकाणी जोड न तुटता हळूहळू ओघळतो. विदर्भ-खानदेशात पॅरालॉइडच्याच बी-४८एन किंवा बी-४४ या जाती घ्या, त्या अनुक्रमे ५० आणि ६० अंशांच्या आसपास मऊ होतात. आणि हॅलोजन काढून एलईडी लावा.

«दुरुस्त केला, आता ओढता येईल ना?»

नाही. तंबाखूच्या तोट्यांचं प्रवचन बाजूला ठेवलं तरी नाही. जळत्या तंबाखूचा निखारा कित्येक शे अंशांचा, वर दांडीतून गरम आणि ओलसर धूर. बी-७२ तर सोडाच, घरगुती एपॉक्सी आणि सुपरग्लूही त्या उष्णतेत मऊ पडतात, आणि तापलेल्या गोंदाच्या वाफा थेट तोंडात जातात. ज्यांचा जोड वारंवार सुटतो त्यातले काही जण पाइप खरोखर पेटवत असतात, आणि हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. शिवाय गाळातून निघालेल्या सच्छिद्र मातीत शिसं, सांडपाणी, काय काय मुरलं असेल ते धुऊन जाईल अशी खात्री कोणी देऊ नये. काही पाइपांच्या ओठाकडच्या टोकाला हिरवी-पिवळी झिलई असते, ओठ मातीला चिकटू नये म्हणून लावलेली; त्या काळच्या झिलईत शिसं असायचं.

जुने लोक पाइप पुन्हा वापरत, हे खरं. लोखंडी पट्ट्यांच्या पाळण्यासारख्या चौकटीत किटाने काळे झालेले पाइप रचून भट्टीत किंवा निखाऱ्यांवर ठेवत. किट जळून जाई आणि पाइप पांढरे होऊन निघत. दांडी मोडली की उरलेल्या आखूड पाइपाचं टोक घासून तोच चालवत. जन्मभर दातांत पाइप धरणाऱ्यांच्या दातांना पडलेली गोल खाच तर त्यांच्या सांगाड्यांतही सापडते. पण ते पाइप वापरातले होते, गाळातले नव्हते, आणि गोंदाने जोडलेले नव्हते. ती भाजणी बघून गॅसच्या ज्योतीवर जुना पाइप धरायची कल्पना सुचते. एका बाजूने तापलेली माती चिरते. आणि वाटीतलं काळं किट हा कचरा नव्हे. स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला सापडलेल्या सतराव्या शतकातल्या पाइपांमधल्या अवशेषांची रासायनिक तपासणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. किट खरवडून टाकलं की पाइपमधून काय ओढलं गेलं हे कळायचा मार्गच बंद.

मातीचा पाइप खरोखर हातात धरून वापरायचा असेल, नाटकासाठी म्हणा किंवा चित्रीकरणासाठी, तर नवा घ्या. ब्रिटन आणि हॉलंडमध्ये काही कारागीर आजही साच्यातून तसे पाइप काढतात. श्रॉपशरमधल्या ब्रोझली गावचा जुना पाइप कारखाना आता संग्रहालय आहे. तिथल्या कामाच्या बाकांकडे पाहिलं की कळतं, ही वस्तू दुरुस्त करण्यासाठी बनलीच नव्हती. मोडली, फेकली, दुसरी घेतली.

राहिला ठेवण्याचा प्रश्न. दांडीच्या टोकाला खिळ्यावर लटकवलेला पाइप वाटीच्या वजनाने सतत जोडावर ओढ देतो. जोड वाटीजवळ असेल तर तो एक दिवस सुटेलच. आडवा ठेवा, एक आधार वाटीखाली आणि दुसरा जोडाच्या पलीकडे, दोन्हीकडे मऊ फोमची खाच. उचलताना वाटी एका हातात आणि दांडी दुसऱ्या, टोकाला चिमटीत धरून कधीच नाही. आणि तोंडं इतकी झिजली असतील की नख प्रत्येक वेळी अडतंय, तर जोडायचा नाद सोडा. दोन तुकडे त्याच फोमवर, मध्ये केसाएवढी फट ठेवून मांडले की चार फुटांवरून पाइप अखंडच दिसतो.